पुंगळीचा इतिहास

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२०वा नियम सायलेन्सरविषयी आहे. इंजिनातून सुटणाऱ्या वायूचा आवाज 'प्रसरण कक्षाच्या साहाय्याने किंवा अन्य प्रकारे' शक्य तितका कमी करणारं साधन प्रत्येक मोटार वाहनाला असलं पाहिजे, असा त्याचा आशय. यातला प्रसरण कक्ष म्हणजे एक्स्पान्शन चेंबर. गंमत अशी की मोटरसायकलींच्या शर्यतीत हेच नाव अगदी वेगळ्या कामासाठी प्रसिद्ध आहे. तिथे प्रसरण कक्ष ताकद काढायला लावतात, आवाज दाबायला नाही. एकच नाव दोन विरुद्ध कामांना कसं लागलं, हे शोधायला मी बसलो तो एका मित्रामुळे.

आम्ही दोघेही सोलापूरचे, आता पोटासाठी पुण्यात. त्याने गेल्या वर्षी जुनी ऑडी टीटी घेतली. दोन दारांची, बुटकी, देखणी गाडी. घेतल्यावर महिन्याभरात त्याचा फोन आला, "आवाजच नाही बे हिला. तू इंजिनिअर हैस ना, सांग की कुठला एक्झॉस्ट टाकू." मी सॉफ्टवेअरवाला. पण आमच्याकडे इंजिनिअर म्हटला की त्याला मिक्सरपासून मोटारीपर्यंत सगळं कळतं, असं समजतात. नाही म्हणणं जिवावर आलं, म्हणून वाचायला लागलो.

सायलेन्सर मोटारीइतकाच जुना आहे. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या रीव्ह्ज बंधूंनी १८९७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पण सुरुवातीच्या सायलेन्सरांनी आवाजाबरोबर इंजिनाचा श्वासही कोंडायचा. म्हणून तेव्हाच्या अनेक गाड्यांना 'कट-आउट' नावाची झडप असे. चढ आला की चालकाने पायाने ती उघडायची, धूर सायलेन्सरला वळसा घालून थेट बाहेर, आणि गाडी गर्जत वर. चढ संपल्यावर झडप बंद करायची असं ठरलेलं होतं. ती कुणी बंद करत नसे, हे वेगळं सांगायला नको. शेवटी गावोगावी या झडपांवर बंदी आली. 'आवाज मोठा म्हणजे ताकद जास्त' या समजुतीचं मूळ मला इथे दिसतं. एके काळी ते खरंही होतं.

पुढचा अध्याय पूर्व जर्मनीतला. वॉल्टर काडन हा महायुद्धात पेनेम्युंडेच्या क्षेपणास्त्र केंद्रावर काम केलेला अभियंता १९५३ पासून त्शोपाऊ गावातल्या कारखान्यात, पुढे एमझेड नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीत, शर्यतीच्या मोटरसायकली बनवत होता. पैसा नाही, चांगला धातू नाही. त्याने लक्ष दिलं ते नळीतून धावणाऱ्या दाबाच्या लाटांवर. टू-स्ट्रोक इंजिनात जळका वायू बाहेर जाताना थोडं ताजं मिश्रणही त्याच्या मागोमाग निसटतं. काडनने नळी आधी रुंद होत जाणारी आणि मग निमुळती केली. रुंद भागातून परतणारी लाट सिलिंडर उपसून काढते. निमुळत्या भागावर आपटून परतणारी लाट निसटलेलं मिश्रण पुन्हा आत ढकलते, तेही एक्झॉस्टचं दार (पोर्ट) मिटायच्या नेमक्या आधी. म्हणजे नळी हा इंजिनाचाच एक भाग झाला, आणि तोही न हलणारा. १९६१ साली त्याच्या १२५ सीसी इंजिनाने लिटरमागे २०० अश्वशक्तीचा आकडा गाठला.

त्याच वर्षी ही विद्या पळाली. एमझेडचा स्वार अर्न्स्ट डेग्नर विश्वविजेतेपदाच्या उंबरठ्यावर होता. सप्टेंबरमध्ये स्वीडनच्या शर्यतीत त्याचं इंजिन फुटलं आणि तो तिथूनच पश्चिमेकडे निघून गेला. बर्लिनची भिंत उभी राहून तेव्हा महिनाच झाला होता. बायको आणि मुलं एका मोटारीच्या डिकीत लपून सीमेपार आली. डेग्नर सुझुकीला मिळाला, आणि १९६२ मध्ये ५० सीसी गटात सुझुकीचा पहिला विश्वविजेता झाला. एमझेडला ते विजेतेपद कधीच मिळालं नाही. काही वर्षांत जपानी टू-स्ट्रोक जगभर पळू लागल्या.

त्यांतलीच एक सोलापुरापर्यंत आली. एस्कॉर्ट्सने १९८५ मध्ये यामाहा आरएक्स १०० बाजारात आणली: ९८ सीसी, ११ अश्वशक्ती, अंगाने हलकी. १९९६ मध्ये ती बंद झाली, पण विजापूर रोडवर अजूनही आवाजावरून ओळखू येते. तिच्या सायलेन्सरच्या शेवटी आत एक भोकाभोकाची नळी असते, एका बोल्टने धरलेली. तीच पुंगळी. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर तेल जळतं, त्याचा काळा राप पुंगळीच्या भोकांत बसतो आणि गाडी दमते. म्हणून मिस्त्री ती काढून जाळून साफ करत. ही रीतसर देखभाल होती. साफ केलेली पुंगळी परत न बसवणं ही त्यापुढची पायरी. ती न बसवता गाडी चालवली की ती पळते असं वाटतं, कारण राप गेलेला असतो आणि कान भरलेले असतात. प्रत्यक्षात खालच्या आरपीएमला ओढ बहुधा कमीच होते. "मालक, पुंगळी काढली की गाडी पळती" हे वाक्य मात्र आमच्या गावात वेदवाक्य होऊन बसलं.

बुलेटची गोष्ट निराळी आहे. तिथे वेगाचा दावाच नाही, आवाज हीच वस्तू. तिच्या इंजिनांची नवी पिढी आली तेव्हा तो जुना धप-धप ठोका मवाळ झाला, आणि ठोका परत मिळवायला लोक बाजारातल्या नळ्यांकडे वळले. त्यातून मग बार काढणारे 'फटाका' सायलेन्सर आले, जे कोणत्याही बुलेटचा मूळ आवाज नव्हते. आवाज ही मालमत्ता आहे हे कंपन्यांनाही ठाऊक असतं. हार्ले-डेव्हिडसनने १९९४ मध्ये आपल्या इंजिनाच्या आवाजाचा ट्रेडमार्क मागितला होता. २००० मध्ये अर्ज मागे घेतला. महाराष्ट्रातल्या शहरांत पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवतात. ती छायाचित्रं पाहताना मला वाटतं की काडनने ती पाहिली असती तर रोलरला दोष दिला नसता. त्यांतली क्वचितच एखादी नळी कुणी मोजून-मापून बनवलेली असेल.

आता मित्राची गाडी. तिला टर्बो आहे. टर्बोचं चाक बाहेर जाणाऱ्या वायूनेच फिरतं, म्हणजे आवाजाचा बराच भाग तिथेच खर्च होतो. पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, मग मधला रेझोनेटर, शेवटी डबा. कन्व्हर्टरला हात लावायचा नाही हे मी त्याला पहिल्यांदा सांगितलं. तो आपल्याकडे सोपा आलेला नाही. शिशाने तो निकामी होतो, म्हणून १९९५ मध्ये आधी चार महानगरांत नव्या मोटारींसाठी शिसेविरहित पेट्रोल आणि कन्व्हर्टर एकत्र आले. देशभर शिसेविरहित पेट्रोल व्हायला फेब्रुवारी २००० उजाडला. माझ्या पिढीचं बालपण त्या हवेत गेलं नाही, ते त्यामुळे.

राहिला कन्व्हर्टरच्या मागचा भाग. तिथे ताकद फारशी लपलेली नसते, विकत मिळतो तो मुख्यतः सूर. त्यातही बाहेरून रुबाबदार वाटणारी नळी आत बसणाऱ्याला छळू शकते. रेझोनेटर काढला तर एका ठरावीक आरपीएमला केबिन ढोलासारखी घुमते, आणि ते आरपीएम नेमकं हायवेच्या वेगाचं निघालं तर पुणे-सोलापूर अडीचशे किलोमीटर तो घुमारा डोक्यात घेऊन यायचं. म्हणून माझं मत: मूळ व्यासाचीच नळी, रेझोनेटर शाबूत, आणि शक्य तर झडपेचा डबा. शंभर वर्षांपूर्वीचा कट-आउटच, फक्त आता तो कॉम्प्युटर उघडतो. भरधाव जाताना उघडा, गल्लीत बंद.

गल्लीचा मुद्दा त्याला पटवायला मला वेळ लागला. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, पण आकड्याने कुणाला काही वाटत नाही. "सोलापूर काय शांत होतं काय कधी?" असा त्याचा प्रश्न. नव्हतं, हे खरं. १८७७ मध्ये इथे पहिली कापड गिरणी सुरू झाली, आणि पुढे कितीतरी पिढ्यांचा दिवस भोंग्यावर उगवला. गिरण्या गेल्या तरी पूर्व भागात यंत्रमागांची खटखट राहिली. माझे आजोबा तिथेच मागावर होते. मागांच्या खोलीत बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून कामगार ओठांवरून आणि हातवाऱ्यांनी बोलत. आठ तासांना ९० डेसिबल ही कारखान्यासाठीची मर्यादा, आणि दाटीने लावलेले माग ती सहज ओलांडतात. पण त्या गदारोळातही एका मागाचा ठेका बदलला की आजोबांना धागा तुटल्याचं कळायचं. साठीच्या आत त्यांचे कान गेले. आमच्या घरात आजही सगळे मोठ्याने बोलतात, पाहुण्यांना भांडण चाललंय असं वाटतं.

हे मित्राला ठाऊक होतं. त्याच्या घरीही माग होते. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "पण त्यांना त्याचे पैसे मिळत होते. मी तर पैसे देऊन घेणार."

झडपेचा डबा महाग निघाला, आणि मूळ रचनेत फेरफार म्हणून कायद्याची अडचण आहेच: १९८८ च्या कायद्याचं ५२वं कलम, आणि आवाजासाठी १९०वं, ज्यात २०१९ पासून १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि परवाना तीन महिने रद्द. तूर्त गाडीखाली कंपनीचाच डबा आहे. गेल्या रविवारी त्याने एका गॅरेजमधून स्टीलच्या नळीचा दर विचारला आणि व्यास किती सांगू म्हणून मला मेसेज केला. मी मूळ नळीचं माप पाठवलं.