टर्बोचा काय गुन्हा?

मागच्या पावसाळ्यातला एक रविवार. आई-बाबांना घेऊन सिंहगडावर गेलो होतो. पुणेकराचा ठरलेला कार्यक्रम: गडावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही, उतरताना खडकवासल्याच्या चौपाटीवर भाजलेलं कणीस. गाडी सेकंडहँड, डिझेलची. तीनच महिन्यांपूर्वी तिला नवाकोरा टर्बो बसवला होता, त्यामुळे मी अगदी निर्धास्त.

घाट चढतानाच टर्बोची शिट्टी जरा चढी वाटत होती. उतरून डोणज्याहून धरणाकडे येताना तिचा सायरन झाला. आरशात पाहिलं तर मागे निळ्या धुराचा ढग. चौपाटीशी गाडी कडेला घेतली, न्यूट्रल केली, किल्ली फिरवून काढून घेतली. आणि इंजिन बंद होईना! उलट आवाज चढत चालला. किल्ली माझ्या हातात, गाडी उभी, आणि इंजिन कोणीतरी पूर्ण पाय देऊन रेस करतंय असं. आजूबाजूची माणसं मागे सरकली. मी नुसता बघत बसलो.

तेवढ्यात पलीकडचा एक टेम्पोवाला ओरडत आला, "ओ साहेब, टॉप टाका! ब्रेक दाबून धरा आन् क्लच सोडा!" तसं केलं. गाडीला एक जबरदस्त हिसका बसला आणि सगळं शांत. मागून आईचा आवाज, "आता परत आपोआप सुरू नाही ना व्हायची?"

हे जे झालं त्याचं कारण सोपं आहे, पण ते मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हवा दाबून इतकी तापवतात की इंधन आपोआप पेटतं. किल्ली बंद केली की फक्त डिझेल बंद होतं. टर्बोचं सील जाऊन इंजिन ऑइलच हवेच्या वाटेने आत जायला लागलं, तर इंजिन त्यावरही मजेत चालतं. स्वतःचं ऑइल पिऊन, ते संपेपर्यंत किंवा स्वतः मोडेपर्यंत. असं झालं तर टेम्पोवाल्याने सांगितलं तेच करायचं: समोर जागा मोकळी आहे ना ते बघून वरचा गिअर, ब्रेकवर पूर्ण जोर, मग क्लच सोडायचा. ऑटोमॅटिक गाडी असेल तर हा उपाय नाही, सगळ्यांना खाली उतरवायचं आणि लांब जायचं. बॉनेट उघडून बघायचा मोह टाळायचा.

पण माझ्या डोक्यात वेगळाच किडा. नवा टर्बो तीन महिन्यांत गेलाच कसा? आमच्या धंद्यात सर्व्हर बदलूनही तोच प्रोग्रॅम परत कोसळला, तर सर्व्हरला शिव्या देत नाहीत, लॉग बघतात. म्हटलं टर्बोचाही लॉग बघू. आणि सवयीप्रमाणे मी थेट पहिल्या पानापासून सुरुवात केली...

पहिल्या पानावर आहे आल्फ्रेड ब्यूखी नावाचा स्विस इंजिनिअर. गंमत म्हणजे हा जन्मला १८७९ साली, खडकवासल्याचं धरण बांधून झालं त्याच सुमारास. सायलेन्सरमधून गरम वायूची किती ताकद फुकट जाते, हे त्याला खुपत होतं. त्या वायूने एक चक्र फिरवायचं, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने इंजिनात जादा हवा कोंबायची, म्हणजे त्याच इंजिनात जास्त डिझेल जाळता येईल. १९०५ मध्ये त्याने पेटंट मागितलं. कल्पना नीट चालायला मात्र वीस वर्षं गेली. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात दोन जर्मन जहाजांच्या डिझेल इंजिनांवर टर्बो चढले आणि १७५० हॉर्सपॉवरचं इंजिन २५०० देऊ लागलं.

दुसरं पान मला जास्त आवडलं. साल १९५२, अमेरिकेतली इंडियानापोलिस ५०० शर्यत. पेट्रोलवाल्यांच्या या मैदानात कमिन्स कंपनीने ६.६ लिटरची एक डिझेल गाडी उतरवली. त्या शर्यतीतली ती पहिली टर्बोवाली गाडी. फ्रेड अगाबाशियन नावाच्या ड्रायव्हरने पात्रता फेरीत ताशी १३८ मैलांची सरासरी काढून सगळ्यात पुढची जागा पटकावली. शर्यत २०० फेऱ्यांची. ७१ व्या फेरीला गाडी बाहेर! कारण टर्बो. पण टर्बोत दोष नव्हता. हवा ओढायचं तोंड गाडीच्या पुढच्या बाजूला खाली ठेवलं होतं, त्यातून रस्त्यावरची धूळ आणि टायरच्या रबराचा चुरा आत गेला आणि टर्बो तुंबला. म्हणजे टर्बो हा मुडदा होता, खुनी दुसराच.

हीच कमिन्स बरोबर दहा वर्षांनी, १९६२ मध्ये, किर्लोस्करांबरोबर पुण्यात आली, कोथरूडला. कर्वेनगरचं कमिन्स कॉलेज तिच्याच नावाचं. त्याच्याही आधी, १९४६ पासून, खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स होतीच. तेव्हा आपल्या गावाला डिझेल नवं नाही. पण शेतावरचं ते पंपाचं इंजिन आठवा. काळंकुट्ट ऑइल असलं तरी धडधडत राहायचं. १९९८ च्या शेवटी पिंपरीहून इंडिका आली, तिचं १.४ लिटरचं डिझेलही सुरुवातीला बिनटर्बोचं, पन्नाशीच्या घरातली हॉर्सपॉवर. खेचायचं कमी, पण चूक पोटात घालायचं. 'डिझेल म्हणजे दणकट, काही बघावं लागत नाही' हा आपला समज त्या इंजिनांनी घडवला.

मग २००७ मध्ये स्विफ्ट डिझेल आली. फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन, आकाराने इंडिकाहून लहान आणि ताकद ७५ हॉर्सपॉवर. फरक टर्बोचा. मे २०१२ मध्ये पेट्रोल एका फटक्यात साडेसात रुपयांनी वाढलं. दिल्लीत पेट्रोल ७३ आणि डिझेल ४१, असा हिशोब झाल्यावर सगळेच डिझेलकडे धावले. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव बाजारावर सोडले आणि ओघ आटला. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं आणि मारुतीने डिझेल बंदच केलं. त्या लाटेतल्या कितीतरी गाड्या आज दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत. माझी त्यातलीच. गाडी नवी पद्धत घेऊन आली, आम्ही सवयी मात्र जुन्याच ठेवल्या.

आणि टर्बोला जुन्या सवयी चालत नाहीत. इंजिन मिनिटाला चार हजार फेरे घेतं तेव्हा छोट्या टर्बोचा दांडा दोन लाखांच्या आसपास फिरत असतो. एका बाजूला लालबुंद होण्याइतका गरम वायू, दुसऱ्या बाजूला ताजी हवा, मध्ये आधार फक्त ऑइलच्या केसाइतक्या पातळ थराचा. तो थर तुटला, तापून जळला किंवा त्यात कचरा आला, की संपलं.

आता सिंहगडाचं बघा. आठ-नऊ किलोमीटर घाट सेकंड-थर्डमध्ये पूर्ण जोर लावून चढायचा, पार्किंगमध्ये जागा दिसली की गाडी घुसवायची आणि फाटकन बंद करायची. दांडा अजून गरगरतोय, ऑइलचा पंप मात्र बंद! तिथलं ऑइल जागच्या जागी जळून त्याचा कोळसा होतो. मी दर पावसाळ्यात नेमकं हेच करत होतो. जुने ट्रक ड्रायव्हर ढाब्यावर थांबल्यावर मिनिटभर इंजिन चालू ठेवायचे, तेव्हा मला वाटायचं, काय हा डिझेलचा नास!

दुसऱ्या गॅरेजमध्ये गाडी उघडल्यावर लॉगचं शेवटचं पान सापडलं. टर्बोला ऑइल पोचवणारी बारीक नळी जुनीच होती आणि आतून कोळशाने जवळजवळ बुजलेली. पहिल्या वेळी टर्बो बदलला, नळी तशीच. नवा टर्बो तीन महिने उपाशी चालला. इंडियानापोलिसचीच गोष्ट, फक्त तिथे हवेची वाट तुंबली होती, इथे ऑइलची.

तेव्हा मंडळी, मेकॅनिक 'टर्बो गेला' म्हणाला की पहिला प्रश्न: 'कशाने गेला?' गाडीची ओढ कमी झालीय आणि धूर काळा आहे, तर आधी हवेचे होज आणि क्लिपा बघायला सांगा. फाटलेला पाइप काही हजारांत येतो, टर्बो कितीतरी पटीने महाग. धूर निळा आणि ऑइल कमी होतंय, तर गाडी चालवू नका, टो करा. चेक इंजिनचा दिवा लागून गाडी मरगळली, तर टर्बोची पाती काजळीने अडकलेली असू शकतात. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये रोज रांगणाऱ्या गाडीला हे हमखास होतं, अधूनमधून तिला मोकळ्या रस्त्यावर पळवा. हवेच्या पाइपात ऑइलचा पुसट ओलावा चालतो, थारोळं नाही. आणि टर्बो बदललाच तर ऑइलची नळी नवी, ऑइल-फिल्टर नवे, इंटरकूलर धुऊन. त्यात साठलेलं ऑइलही इंजिन पळवू शकतं.

रोजची पथ्यं तर फुकटातली. कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं ऑइल, वेळेच्या थोडं आधीच. एअर फिल्टर वेळच्या वेळी. सकाळी सुरू केल्या केल्या रेस नाही. आणि घाट किंवा एक्सप्रेसवे मारून आलात तर मिनिटभर आयडलिंग. गावात हळू फिरून आलात तर त्याचीही गरज नाही. 'माझी तर पेट्रोल आहे' म्हणून हसू नका, हल्लीच्या एक लिटर पेट्रोल गाड्यांतही टर्बोच बसलाय :)

असो. परवा परत गडावर गेलो होतो. पार्किंगमध्ये गाडी लावली आणि हात आपोआप किल्लीकडे गेला. मागून बाबा म्हणाले, "थांब. साठ झाले नाहीत अजून." ते मनात आकडे मोजत होते. आई तेवढ्यात दार उघडून खाली उतरली होती. तिचा अजून या इंजिनावर विश्वास बसलेला नाही.