लोखंडी धाव आणि कार्बनची काया
बुलढाण्यात शंकरपट पाहिलेल्यांना ऑटोक्रॉस समजावायला नको. दोन्हीकडे शर्यत घड्याळाशी. आपल्याकडे लाकडी चाकावर लोखंडी धाव तापवून चढवत, पाणी ओतून आवळत. झिजायचं ते धावेनं. कार्बन फायबरवर पॉलियुरेथेनचा पारदर्शक पापुद्रा लावतात, तो याच न्यायाने. त्याचं मूळ व्हिएतनाम युद्धातल्या हेलिकॉप्टरच्या पात्यांत. पण पापुद्रा खडीचा ओरखडा झेलतो, धक्का नाही.

१९८१ मध्ये मॅक्लारेनने फॉर्म्युला वनमध्ये कार्बनचा सांगाडा आणला. त्याच वर्षी मोंझाला गाडी दुभंगली, जॉन वॉटसन मात्र सुखरूप उतरला. इतकं हे बळकट! तरी पत्रा चेपला की दिसतो. कार्बनचे थर आतल्या आत सुटतात, वरून चकचकीतच. म्हणून शर्यतीनंतर आपण नाण्याने टकटक करून बद्द आवाज येतो का ऐकायचं, माठ घेताना ऐकतो तसं.