सामान्य गणकयंत्रावरील वास्तवकालिक प्रतिरूपण : एक ऐतिहासिक टिपण

यंत्राचे गणिती प्रतिरूप सोडविणे निराळे, आणि ते प्रत्यक्ष यंत्राच्याच कालगतीने सोडविणे निराळे. पहिल्यात उत्तर उशिरा आले तरी ते उत्तरच असते. दुसऱ्यात उशिरा आलेले उत्तर चुकीचे ठरते. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे, गणकयंत्रे वेगवान होत गेली आणि म्हणून वास्तवकालिक प्रतिरूपण सर्वांच्या आटोक्यात आले, असे सरसकट सांगितले जाते. इतिहास ह्या समजुतीला पुरती पुष्टी देत नाही.

ह्या विद्येचा अंकीय आरंभ अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत झाला. १९४४ साली नौदलासाठी तेथे वैमानिक-प्रशिक्षणाचे व विमानाच्या स्थैर्याच्या अभ्यासाचे यंत्र हाती घेण्यात आले. जे फॉरेस्टर ह्यांनी प्रथम सादृश्य पद्धतीचा विचार केला होता. पुढे पेरी क्रॉफर्ड ह्यांच्या सूचनेवरून ते अंकीय पद्धतीकडे वळले. त्यातून ‘व्हर्लविंड’ निर्माण झाले व १९५१ मध्ये ते कार्य करू लागले. गमतीची गोष्ट अशी, की ज्या विमानकक्षासाठी हा खटाटोप होता तो १९४८ मध्येच बाजूस ठेवला गेला होता! यंत्र मात्र हवाई संरक्षणाच्या कामी आले. त्याच्या वेगाच्या निकडीतूनच चुंबकीय गाभ्यांची स्मृती सिद्ध झाली व १९५३ मध्ये त्यात बसविली गेली.

पुढील काही दशके हे काम सादृश्य यंत्रे व खास बांधलेली महागडी अंकीय यंत्रे ह्यांच्याकडेच राहिले. १९९० नंतर टेबलावरच्या सामान्य गणकयंत्रात पुरेसा वेग आला होता. अडचण वेगाची नव्हतीच. उलट्या लंबकाला तोलून धरणारे प्रतिरूप घ्या. दर मिलिसेकंदाला मापन वाचावयाचे, समीकरणाची एक पायरी चढावयाची, आणि विद्युद्दाब बाहेर द्यावयाचा. सेकंदाला १००० वेळा, एकदाही न चुकता. म्हणूनच येथे पायरीची लांबी आपोआप बदलणाऱ्या समाकलन-रीती निरुपयोगी ठरतात. ठराविक पायरीचीच रीत घ्यावी लागते. आणि सामान्य ऑपरेटिंग सिस्टिमची घडण तर सर्व कामांना सरासरीने न्याय देण्याची! तबकडी वाचताना किंवा पडद्यावर चित्र काढताना ती काही मिलिसेकंद सहज घेते. लंबकाला सरासरी कळत नाही.

ह्यावरचा उपाय न्यू मेक्सिकोतील सोकोरो येथे व्हिक्टर योडायकेन व त्यांचे विद्यार्थी मायकेल बाराबानोव ह्यांनी काढला. बाराबानोव ह्यांचा प्रबंध १९९७ चा आहे. त्यांनी लिनक्सला सुधारण्याचे टाळून त्याच्याखाली एक लहानसा गाभा घातला. यंत्राचे सर्व व्यत्यय-संकेत प्रथम ह्या गाभ्याच्या हाती येत. वास्तवकालिक काम उरकल्यावर उरलेल्या वेळात, सर्वांत कनिष्ठ काम म्हणून, संपूर्ण लिनक्स चाले. घरच्या यजमानाला ओसरीवर बसविण्याचाच हा प्रकार; परंतु तो यशस्वी झाला.

मिलानच्या तंत्रविद्यापीठात पाओलो मांतेगाझ्झा ह्यांनी त्याच धर्तीवर ‘आरटीएआय’ उभारले. पुढे स्वित्झर्लंडमधील रोबेर्तो बूखर प्रभृतींच्या प्रयत्नाने सिम्युलिंक अथवा सायकॉस ह्यांत काढलेल्या आकृतीवरून सी भाषेतील कार्यक्रम आपोआप निघून तो थेट ह्या गाभ्यावर चालू लागला. विद्यार्थ्याच्या दृष्टीने हीच खरी क्रांती होय. आकृती काढता येणाऱ्याला गाभ्याचे अंतरंग जाणण्याची गरज उरली नाही.

तथापि १९९९ च्या नोव्हेंबरात योडायकेन ह्यांना उपरोक्त रचनेचे अमेरिकन पेटंट मिळाले, आणि मुक्तपणे वाटल्या गेलेल्या विद्येवर संशयाची छाया पडली. करीम याघमूर ह्यांनी २००१ मध्ये ‘ॲडिओस’ ही योजना मांडली, ती ह्याच पेचातून. पेटंटापूर्वी प्रसिद्ध झालेल्या संशोधनाचा आधार घेऊन त्यांनी व्यत्यय-संकेतांची ओळीने वाटणी करणारी रचना सुचविली, व आरटीएआयने ती स्वीकारली. येथे कायद्याच्या भीतीने रचना बदलली, अभियांत्रिकीच्या गरजेने नव्हे. इतिहासकाराने हे नजरेआड करू नये.

गाभा कितीही काटेकोर असला तरी सामान्य यंत्राच्या मूळ फलकावरील काही व्यवस्थापन-संकेत ऑपरेटिंग सिस्टिमला न विचारताच प्रोसेसर ताब्यात घेतात. म्हणून प्रयोगशाळेत यंत्र निवडताना आधी त्याचा सर्वाधिक विलंब तासन्‌तास मोजून पाहण्याची रीत पडली. दरम्यान इंगो मोल्नार, थॉमस ग्लाइक्सनर आदींनी लिनक्सचा गाभाच आतून व्यत्ययक्षम करण्याचा दुसरा मार्ग धरला. ते काम सुमारे वीस वर्षे मुख्य प्रवाहाबाहेर चालून २०२४ साली ६.१२ ह्या आवृत्तीत समाविष्ट झाले.