पापणीवरचा जव

आमच्या अक्कांच्या पापण्या सत्तरीनंतर फार खाली उतरल्या. पेपर वाचायचा तर बोटाने पापणी वर धरावी लागे. डॉक्टरांनी लहानशी शस्त्रक्रिया सुचवली. अक्का म्हणाल्या, “ह्या वयात नटायचं? लोक काय म्हणतील?” त्या प्रश्नाने मी जुनी पाने चाळायला बसलो.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ‘पक्ष्मकोप’ नावाचा विकार आहे. पापणीचे केस आत वळून डोळ्याला टोचतात. त्यावर सांगितलेला उपाय असा: भुवईखाली पापणीच्या कातडीचा जवाच्या आकाराचा तुकडा काढावा, कडा केसाने शिवाव्यात, मधतूप लावावे. कातडे कापून शिवण्याची आजची रीत याहून फार दूरची नाही.

पुढचा दुवा आपल्या पुण्याचा. १७९२ च्या टिपूविरुद्धच्या युद्धात इंग्रज फौजेचा बैल हाकणारा कावसजी पकडला गेला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुण्याजवळच्या एका वीटकाम करणाऱ्या कारागिराने कपाळाच्या कातडीचे नवे नाक बसवले. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ही हकिकत छापून आली. कावसजीचे नाव त्यात आहे, कारागिराचे नाही. ती वाचून तिथल्या कार्प्यू या शल्यविशारदाने १८१४ साली तशीच शस्त्रक्रिया केली. १८१८ साली जर्मनीच्या फॉन ग्रेफेने नाक घडवण्यावर ग्रंथ लिहिला; नष्ट झालेली पापणी पुन्हा घडवण्यासाठी ‘ब्लेफरोप्लास्टी’ हा शब्दही त्याचाच.

मग हेतू बदलला. १८९६ साली जपानच्या मिकामो यांनी एका स्त्रीच्या पापणीवर टाके घालून घडी पाडली. तिच्या एकाच डोळ्याला घडी होती, दुसऱ्याला नव्हती. कोरियन युद्धानंतर अमेरिकन डॉक्टर मिलार्ड यांनी कोरियात पापण्यांना पाश्चात्त्य वळण देण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. त्यावरचा वाद अजून शमलेला नाही: आपला चेहरा कोणाच्या नजरेने पाहायचा?

मी हे सारे अक्कांना वाचून दाखवले. म्हटले, “सुश्रुताचा रोगी नटायला गेला नव्हता, अक्का. त्याला नीट दिसायला हवं होतं.”

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग बोटाने पापणी उचलून माझ्याकडे पाहत म्हणाल्या, “आणि समजा, थोडं नटायचंही असलं तर?”

याला उत्तर माझ्या पानांत नव्हते. दिवाळी झाल्यावरची तारीख त्यांनीच ठरवली.