दोरी ढकलता येत नाही

दोरी ओढता येते, ढकलता येत नाही. भोवऱ्याला दोरी गुंडाळणाऱ्या पोराला हे कुणी शिकवावं लागत नाही. पण या एवढ्याशा गोष्टीच्या जोरावर रॉकेटं उडाली आणि तिच्याकडे काणाडोळा झाला तेव्हा अटलांटिकच्या पोटात पाच माणसं गेली. ‘फिलामेंट वाइंडिंग’ नावाच्या तंत्राची ही गोष्ट आहे.

तंत्र समजायला सोपं आहे. लेथसारख्या यंत्रावर एक साचा गोल फिरत असतो. त्याच्या शेजारून एक गाडा मागे-पुढे सरकत राहतो आणि इपॉक्सीच्या राळेत भिजलेले काचेचे किंवा कार्बनचे तंतू ताणून साच्यावर गुंडाळत जातो. थरावर थर चढले की सगळं भट्टीत भाजायचं आणि साचा काढून घ्यायचा. हाती उरते ती हलकी, पोकळ आणि वजनाच्या मानाने पोलादापेक्षा कितीतरी बळकट नळी.

खरी मेख आहे ती कोनात. बागेतला जुना पाईप दाबाने फुटतो तेव्हा तो बहुधा लांबीत उभा चिरतो. कारण बंद नळीला आतून दाब बसला की तिच्या घेरावरचा ताण लांबीवरच्या ताणाच्या दुप्पट असतो. पोलादाचं बळ सगळ्या दिशांना सारखंच, म्हणजे लांबीच्या दिशेचं निम्मं बळ नुसतं वजन म्हणून वाहायचं. तंतू मात्र हव्या त्या दिशेला घालता येतो. नळीच्या अक्षाशी साधारण ५५ अंशांचा कोन ठेवला की दोन्ही ताण नेमके पेलले जातात. जिथे जेवढी गरज, तिथे तेवढाच माल.

या काटकसरीची सगळ्यात जास्त गरज होती शीतयुद्धातल्या क्षेपणास्त्रांना. २० जुलै १९६० रोजी ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ या अमेरिकी पाणबुडीने पाण्याखालून पहिल्यांदा ‘पोलारिस’ क्षेपणास्त्र डागलं. त्याची आवरणं पोलादी होती आणि पल्ला सुमारे २,२०० किलोमीटर. आता पाणबुडीतल्या नळीचं माप ठरलेलं, म्हणजे क्षेपणास्त्र हवं तेवढं मोठं करता येईना. मग ‘ए-२’ मध्ये वरच्या टप्प्याचं आवरण गुंडाळलेल्या काचतंतूंचं झालं, ‘ए-३’ मध्ये दोन्ही टप्प्यांचं. इंधनही सुधारलं. पल्ला दुपटीहून जास्त, ४,६०० किलोमीटरच्या घरात गेला. रॉकेटमध्ये इंधन जळतं तेव्हा दाब आतून बाहेर येतो. तंतू ताणला जातो आणि ताण पेलणं हाच तर त्याचा धर्म!

आपल्याकडे हे तंत्र रुजलं ते तिरुवनंतपुरमजवळच्या थुंब्यात. विक्रम साराभाईंनी एसएलव्ही-३ या पहिल्या भारतीय उपग्रह-प्रक्षेपकाची कामं वाटली, तेव्हा पहिल्या टप्प्याची जबाबदारी वसंत गोवारीकरांकडे आली आणि चौथ्याची अब्दुल कलामांकडे. खालचे टप्पे पोलादी होते, वरचे तंतूंच्या आवरणाचे. असं का? शेवटचा टप्पा उपग्रहाबरोबर थेट कक्षेत पोचतो. त्याच्या आवरणातून एक किलो कमी केला, तर उपग्रहासाठी अख्खा एक किलो मिळतो. तळाच्या टप्प्यात एक किलो वाचवून त्याचा लहानसा अंशच हाती लागतो. १८ जुलै १९८० रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेला रोहिणी उपग्रह होता अवघा ३५ किलोंचा. तिथे एकेका किलोची किंमत काय असेल, विचार करा. पुढच्याच वर्षी ‘ॲपल’ या उपग्रहाला त्याच्या अंतिम कक्षेत नेणारी मोटरही याच चौथ्या टप्प्यावर बेतलेली होती. पीएसएलव्हीच्या तिसऱ्या टप्प्याचं आवरणही केवलार तंतूंचं आहे.

म्हणजे यशाची परंपरा मोठी होती. ‘टायटन’ बनवणाऱ्या ओशनगेट कंपनीने तिचाच आधार घेतला. टायटॅनिकचे अवशेष साधारण ३,८०० मीटर खोल आहेत. तिथे पाण्याचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे ३८० पट असतो. तिथे माणसं नेण्यासाठी पोलाद किंवा टायटॅनियमचा जाड गोळा वापरायचा, ही रुळलेली वाट. ओशनगेटने जवळपास १३ सेंटिमीटर जाडीची कार्बनतंतूंची नळी निवडली. नळीत जास्त प्रवासी मावतात आणि ती हलकीही असते.

पण इथे दाब बाहेरून होता. आता तंतू ताणला जाणार नव्हता, दाबला जाणार होता. दाबलेल्या तंतूला सरळ उभं ठेवते ती भोवतालची राळ. राळेत पोकळी राहिली, थरात सुरकुती पडली की तंतू तिथेच वाकायला बघतो. हे अशक्यच होतं असं नाही. अमेरिकी नौदलाने ६,००० मीटरपर्यंत जाणारं यान कार्बनतंतूंच्या नळीचं केलं होतं, पण त्यात माणूस बसत नव्हता.

टायटनची पहिली नळी गुंडाळूनच बनवलेली होती. २०१९ मध्ये तिला तडा गेलेला आढळला आणि ती मोडीत निघाली. दुसरी नळी याच कुळातल्या पद्धतीने, साच्यावर यंत्राने तंतूंच्या फिती बसवून पाच थरांत केली. प्रत्येक थर वेगळा भाजून. तपासात तिच्या तुकड्यांमध्ये पोकळ्या, सुरकुत्या आणि सुटलेले थर सापडले. जुलै २०२२ मधल्या एका बुडीनंतर वर येताना मोठा आवाज झाला होता आणि त्यानंतर नळीवरच्या संवेदकांच्या नोंदीही बदलल्या होत्या. नळी बोलत होती. त्याआधी, २०१८ मध्येच, कंपनीच्या सागरी विभागाच्या प्रमुखाने लेखी इशारा दिला होता. त्याला कामावरून काढलं गेलं. कोणत्याही मान्यताप्राप्त संस्थेकडून यानाचं प्रमाणन करून घेतलेलं नव्हतं. १८ जून २०२३ रोजी नळी चिरडली. आत पाच जण होते.

गुंडाळलेल्या वस्तूची एक खोड आहे. प्रत्येक नवा थर खालच्याला झाकून टाकतो. वरून चकचकीत, आत काय ते भट्टीलाच ठाऊक. म्हणून या धंद्यात चाचणी हा कागदी सोपस्कार नसतो; झाकलेलं बघण्याचा तोच एक मार्ग असतो.

आज हे तंत्र थेट स्वयंपाकघरात आलं आहे. प्लास्टिकच्या आतल्या भांड्यावर काचतंतू गुंडाळलेला गॅस सिलिंडर आता घरगुती जोडणीवर मिळतो. तो पोलादी सिलिंडरच्या साधारण निम्म्या वजनाचा आहे आणि आतला गॅस किती उरला ते बाहेरून दिसतं. तो बिनघोर जिन्याने वर न्या. तिथे दाब आतून आहे आणि तंतू आपल्या धर्माला जागतो आहे.