संशोधन-अनुदान आणि खानदेश

हिंदुस्थानात वैद्यकीय संशोधनास नियमित अनुदान देण्याची व्यवस्था मुख्यतः प्लेगच्या धास्तीनंतरची होय. इ. स. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला. त्याच वर्षी तेथे आलेल्या हाफकिन यांनी लस सिद्ध केली व १८९७ च्या जानेवारीत ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढे १९११ साली इंडियन रिसर्च फंड असोसिएशन ही संस्था निघाली. तिच्या नियामक मंडळाची पहिली सभा १५ नोव्हेंबर रोजी परळच्या प्लेग प्रयोगशाळेतच भरली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. १९४९ मध्ये हीच संस्था भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद झाली.

प्रयोगशाळा जेथे, तेथे निधी जाणे स्वाभाविकच होते. खानदेशात त्या काळी साधे महाविद्यालयही नव्हते. रोग मात्र होते. सातपुड्यातील भिल्ल-पावरा समाजांत आढळणारा सिकलसेल हा त्यांपैकी एक. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ ची, तीही दूर निलगिरीतील.

जळगावचे विद्यापीठ १९९० साली स्थापन झाले. परंतु १९९८ मध्ये नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ निघाले आणि धुळ्याचे वैद्यकीय महाविद्यालय त्याच्या कक्षेत गेले. परिणामी जीवशास्त्रज्ञ एका विद्यापीठात व रुग्ण दुसऱ्याच्या रुग्णालयात, अशी विचित्र फाळणी झाली. रक्ताचे नमुने रुग्णालयाच्या नैतिक समितीच्या संमतीवाचून मिळत नाहीत. म्हणून अनुदानाचा अर्ज दोघांनी मिळूनच करावा लागतो. त्यांची गाठ पडावयाची ती बहुधा एखाद्या चर्चासत्रातच. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम २०२३ मध्ये सुरू झाली आहे.