पाऱ्याच्या नळीपासून टर्बोच्या सेन्सरपर्यंत



मालाने भरलेली गाडी घाटात मधेच मान टाकते, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांनी घेतला असेल. पूर्वी अशा वेळी मिस्त्री बॉनेट उघडी, इंजिनाला कान लावी आणि दोष सांगे. आजच्या डिझेल गाडीत नुसत्या कानाने भागत नाही. समोर पिवळा दिवा लागतो, गाडी रांगू लागते आणि कोणीतरी निकाल देऊन टाकतो, "टर्बो गेला!" हा निकाल खरा असेल तर हजारो रुपये जातात. खोटा असेल तर पैसे तितकेच जातात, वर रोगही तसाच राहतो. गाडीवर कर्ज आहे आणि तिच्यावरच घर चालते, अशा माणसाला ही चूक परवडत नाही. ती टाळायची रीत पावणेचारशे वर्षांपूर्वी एका डोंगरावर सापडलेली आहे. पण आधी एक प्रसंग सांगतो.

सानपाडा हे ठाण्याच्या खाडीकाठचे जुने गाव. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, १९७३ साली वाशीजवळ खाडीवर पूल झाला, आणि नवी मुंबई वाढली तसे हे गाव शहरात मिसळून गेले. शीव-पनवेल महामार्ग जवळून जातो आणि शेजारीच घाऊक बाजार आहे. देशावरून रात्रभर कांदा, बटाटा, भाजीपाला येतो. तो उतरवून गाड्या किराणा नि धान्य भरतात आणि पुन्हा घाटाकडे तोंड करतात.

अशीच एक पिकअप गाडी पावसाळा सरताना सानपाड्याजवळच्या एका गॅरेजात उभी होती. गाडीवाला मंचरकडचा. माल भरून निघाला की बोरघाटात दिवा लागे आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रांगत वर जाई. एका ठिकाणी त्याला टर्बो बदलायला सांगितले होते. पैसे जमवावेत की गाडी विकावी, या विचारात तो होता. "मिस्त्री, खरंच गेला का हो टर्बो?" त्याने विचारले. वयस्क मिस्त्री म्हणाले, "थांबा भाऊ. आधी साक्षीदार खरं बोलतोय का बघू, मग आरोपीला फाशी देऊ."

मिस्त्रींनी इंजिन सुरूच केले नाही. नुसती किल्ली फिरवली आणि स्कॅनरवर दोन आकडे पाहिले. त्या दोन आकड्यांचा अर्थ समजण्यासाठी आपल्याला थोडे मागे जायला हवे.

इ. स. १६४३ साली इटलीत टॉरिसेली या शास्त्रज्ञाच्या प्रयोगाने दाखवून दिले, की पाऱ्याने भरलेली काचेची नळी पाऱ्याच्याच भांड्यात उलटी उभी केली तर पारा सगळा खाली येत नाही. सुमारे ७६ सेंटिमीटरवर तो ठरतो. त्याला तोलून धरते ती बाहेरची हवा. गुरुजी वर्गात पाण्याने काठोकाठ भरलेल्या पेल्यावर जाड कागद ठेवून तो पालथा धरतात नि पाणी सांडत नाही, त्यातले मर्म हेच.

फ्रान्समधल्या पास्कलने पुढचा प्रश्न विचारला. हवेला वजन असेल तर डोंगरावर, जिथे डोक्यावर हवा कमी, तिथे पारा खाली यायला हवा. तो स्वतः दूर होता. म्हणून त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान पेरिए यांनी १९ सप्टेंबर १६४८ रोजी पुई द डोम नावाच्या डोंगरावर हा प्रयोग केला. शिखरावर पारा सुमारे तीन इंच खाली आला. पण या प्रयोगातली खरी शहाणपणाची गोष्ट पायथ्याशी होती, बरं का! पेरिए यांनी आधी पायथ्याला दोन नळ्या शेजारी-शेजारी ताडून पाहिल्या. दोन्हींत पारा सारखाच होता. मग एक नळी तिथेच ठेवून एका धर्मगुरूंना दिवसभर तिच्यावर नजर ठेवायला सांगितले, आणि मगच ते वर गेले. खालचा पारा दिवसभर हलला नाही, म्हणून वरच्या पाऱ्याची साक्ष खरी ठरली.

आता इंजिनाकडे येऊ. इंजिनाला इंधन लागते हे आपण जाणतो, पण त्याहून कितीतरी अधिक वजनाची हवा लागते हे ध्यानात येत नाही. हवा कमी मिळाली की इंधन धड जळत नाही, धूर होतो आणि जोर पडतो. स्विस इंजिनियर आल्फ्रेड ब्यूखी यांनी विचार केला, की नळीतून वाया जाणाऱ्या तप्त धुराने एक चाक फिरवावे, त्याच दांड्यावर दुसरे चाक बसवावे आणि त्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात घालावी. १९०५ साली त्यांनी याचे पेटंट घेतले. कल्पना जहाजांवर यशस्वी व्हायला मात्र वीस वर्षे लागली. १९२६च्या सुमारास दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांची ताकद या युक्तीने १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीपर्यंत गेली.

दरम्यान १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी एक विमानाचे इंजिन पाईक्स पीक या १४,००० फुटांहून उंच शिखरावर नेले. सपाटीला सुमारे साडेतीनशे अश्वशक्ती देणारे हे इंजिन तिथे सुमारे २३० वर आले होते. टर्बो जोडताच गेलेली ताकद परत आली. पास्कलने डोंगरावर हवेची उणीव मोजली होती, मॉस यांनी ती भरून काढली.

पण दाबलेली हवा अति झाली तर इंजिनच फुटायचे. म्हणून जादा धूर बाजूने सोडणारी झडप आली. पुढे धुराची वाट कमी-जास्त करणारी हलती पाती आली. त्यांना हलवणारा हात आला, कधी व्हॅक्यूमवर चालणारा, कधी विजेवर. या हाताला हुकूम देणारा संगणक आला, आणि संगणकाला खबर देणारा सेन्सर. सिलिकॉनवर ताण पडला की त्याचा विजेला होणारा विरोध बदलतो, हे १९५४ साली चार्ल्स स्मिथ यांनी प्रसिद्ध केले; आजचे बहुतेक दाब-सेन्सर याच गुणावर चालतात. टॉरिसेलीच्या नळीचे काम आज नखाएवढी चकती करते. १९७१ साली दाबाच्या आंतरराष्ट्रीय एककाला पास्कलचेच नाव मिळाले. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात भारत स्टेज सहा हा धुराचा नियम लागू झाला, तेव्हापासून तर या सगळ्या पहारेकऱ्यांवाचून नवी डिझेल गाडी रस्त्यावर येऊच शकत नाही.

चला, आता पुन्हा सानपाड्याला जाऊ. इंजिन बंद असताना टर्बो दाब देत नाही. म्हणजे इंजिनाच्या हवेच्या नळीतला दाब आणि बाहेरच्या हवेचा दाब एकच असायला हवा. सानपाडा समुद्रसपाटीला, तेव्हा आकडा १०० किलोपास्कलच्या आसपास हवा. हीच गाडी लोणावळ्याला असती तर तो सुमारे ९४ असता, महाबळेश्वरला सुमारे ८६. त्या गाडीत संगणकाच्या पेटीतला हवामापक १०० दाखवत होता, पण नळीवरचा सेन्सर ८८! एकाच हवेबद्दल दोन साक्षीदारांनी दोन साक्षी दिल्या. पायथ्याची नळी मिस्त्रींच्या हाती आयतीच होती, आणि तिच्याशी ताडल्यामुळे खोटे उघडे पडले.

मग त्यांनी सेन्सरचा प्लग जोडलेलाच ठेवून मागून मीटरची सुई टेकवली. पाच व्होल्ट यायला हवेत तिथे साडेचारही येत नव्हते. प्लग काढून पाहिला तर पिनेवर हिरवा गंज. पावसाचे पाणी आणि खाडीची खारी हवा यांनी आपले काम केले होते. वीज कमी, म्हणून आकडा कमी. टर्बो बिचारा पुरती हवा देत होता, पण संगणकाला ती कमीच वाटे. घाटात जोर लागला की तो आणखी दाब मागे, हिशेब जमत नसे आणि पी ०२९९, म्हणजे दाब कमी पडतो, असा कोड टाकून तो गाडीचा जोरच कमी करी. पिन बदलली, दोन्ही आकडे जुळले, भाऊ माल भरून घाट चढले.

याचा अर्थ दरवेळी गंजच असतो असे नाही, आणि टर्बो कधी जातच नाही असेही नाही. अर्थ इतकाच, की तपासाला क्रम हवा. प्रथम इंजिन बंद ठेवून दोन आकडे ताडून पाहावेत. मग एअर फिल्टर, रबरी पाईप, क्लिपा, इंटरकूलर बघावेत. चिरलेल्या पाईपातून जोराच्या वेळी फुसफुस आवाज येतो आणि काळा धूर पडतो. नंतर व्हॅक्यूमची बारीक नळी, जी उंदीर आवडीने कुरतडतात. त्यानंतर पाती हलवणारा हात अडत तर नाही ना, ते पाहावे. काजळीने पाती अडकली की कधी दाब कमी, तर कधी जादा, असे दोन्ही कोड येतात. टर्बोला सगळ्यांत शेवटी हात लावावा. त्याच्या दांड्याला ढिलाई असेल, पाती घासत असतील, निळा धूर नि तेल जात असेल, तर तो खरोखर गेला. मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणाऱ्या त्या दांड्याला स्वच्छ तेल वेळेवर मिळाले नाही, की तो असाच जातो. तेव्हा नवा बसवण्यापूर्वी तेलाची वाटही साफ करावी.

स्कॅनरवरचा कोड म्हणजे फिर्याद, श्रोतेहो, निकाल नव्हे. त्यावर भाग बदलत सुटणे म्हणजे चौकशीवाचून शिक्षा देणे होय. गाडीवाल्यांनी मिस्त्रीला एवढे जरूर विचारावे, "इंजिन बंद असताना आकडा किती येतो?" आणि गुरुजी हो, हवेच्या दाबाचा धडा शिकवाल तेव्हा डोंगरावर गेलेल्या नळीइतकीच पायथ्याला राहिलेल्या नळीची गोष्ट मुलांना सांगा. त्यांच्यातलाच कोणी उद्या महामार्गाच्या कडेला हातात मीटर घेऊन उभा असेल, आणि एखाद्या घराची भाकरी त्याच्या खऱ्या निदानावर अवलंबून असेल.